व्यक्तिमत्त्व चाचणी चांगली, शेवटचं पान सोडून

बढत्यांच्या वेळी हाताशी असावी म्हणून आमच्या कंपनीने ही ऑनलाइन व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. नाव लिहीत नाही. मी एचआरमध्ये, त्यामुळे अहवाल वाचणं आणि ज्याचा त्याला समजावणं दोन्ही माझ्याच गळ्यात.

चाचणी म्हणून चांगली आहे. माणसाला ठरावीक 'टाइप'च्या खणात कोंबत नाही. बहिर्मुखता, कर्तव्यदक्षता वगैरे पाच गुणांच्या पट्ट्या देते. प्रत्येक गुणांकाभोवती पुसट किनार असते, म्हणजे आकडा थोडा इकडेतिकडे होऊ शकतो हे दिसतं. एवढा प्रामाणिकपणा सहसा कोणी दाखवत नाही.

घोळ शेवटच्या पानावर. तिथे सुपरवायझर, मधली फळी, उच्च व्यवस्थापन अशी शिडी आहे आणि तुम्ही कुठवर चढाल तिथे हिरवा ठिपका. आमच्या डिस्पॅचच्या सुपरवायझर मॅडमची कर्तव्यदक्षता टोकाला, बहिर्मुखता तळाशी. ठिपका पहिल्याच पायरीवर! "मी मीटिंगमध्ये कमी बोलते म्हणून का?" त्यांनी विचारलं. मला उत्तर देता येईना.

सपोर्टला विचारलं, तर म्हणे वरिष्ठ व्यवस्थापकांच्या सरासरीशी तुलना करतो. अहो, पण त्या खुर्चीत पोचायला बडबड कामी आली, की खुर्चीत बसल्यावर माणूस बोलका झाला, हे सरासरी कुठून सांगणार? 2002 साली टिमथी जज या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. त्यात बहिर्मुखतेचा नेतृत्वाशी सहसंबंध (0 म्हणजे काहीच नातं नाही, 1 म्हणजे पूर्ण) 0.31 निघाला, पाचांत सर्वांत जास्त. तरी त्या आकड्याचा वर्ग करून बघा, माणसामाणसांच्या नेतृत्वातल्या फरकापैकी जेमतेम दहा टक्क्यांचा उलगडा होतो. शिवाय नेता म्हणून नजरेत भरण्याशी तो 0.33 आणि प्रत्यक्ष परिणामकारक ठरण्याशी 0.24. 2011 मध्ये ग्रँट, जिनो आणि हॉफमन या संशोधकांना तर असं दिसलं, की हाताखालची माणसं स्वतःहून सूचना करणारी असतील तर कमी बोलका साहेब उजवा ठरतो. डिस्पॅचची पोरं नेमकी तशीच आहेत, गाडी भरायचा क्रमसुद्धा त्यांनीच बदलून घेतला.

कोणाला कुठलं प्रशिक्षण द्यायचं हे ठरवायला चाचणी जरूर घ्या. बढतीसाठी नको. तीन तारे. शिडी बंद करायची सोय सेटिंगमध्ये नाही, म्हणून मी ते पान काढूनच पीडीएफ साहेबांकडे पाठवते.