पाचवीच्या तासाला काय: अनप्लग्ड की स्क्रॅच?

दोन्ही मुलांना संगणकशास्त्र शिकवायचे मार्ग; दोन्ही फुकट, दोन्ही मुक्त परवान्याचे. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातून आलेल्या ‘सीएस अनप्लग्ड’ला संगणकच लागत नाही. 16, 8, 4, 2, 1 ठिपक्यांची कार्डं घेऊन पाच मुलं ओळीत उभी करायची. 21 म्हटलं की 16, 4 आणि 1 वाली मुलं कार्ड सुलटं धरतात, बाकीची पालथं. सुलट्याला 1, पालथ्याला 0, की झाली द्विमान (फक्त 0 आणि 1 वापरून लिहिलेली) संख्या: 10101. लॅबमधले निम्मे संगणक बंद असोत, नाहीतर वीज जावो, तास बुडत नाही.

अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये तयार झालेलं, 2007 पासूनचं स्क्रॅच म्हणजे पडद्यावर आज्ञांचे ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचं साधन; ते ऑफलाइनही चालतं. पडद्यावरची मांजर हलली की मुलं जागची हलत नाहीत! पण ती विचार करून ठोकळे जोडतायत की नुसतीच ओढाओढ, यावर लक्ष ठेवावं लागतं.

मी आधी कार्डंच देईन. लूप (तीच आज्ञा पुन्हा पुन्हा) शिकवायचा असेल तर मात्र थेट स्क्रॅच.