डावखुऱ्या पतीसाठी घेतलेली ठासणीची रायफल: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझे पती डावखुरे आहेत आणि ही रायफल निवडताना घेतलेला जवळजवळ प्रत्येक निर्णय त्या एका गोष्टीतून निघाला. आम्ही अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात राहतो. येथे नाताळनंतर, २६ डिसेंबरपासून, हरणाच्या शिकारीचा एक हंगाम असतो आणि बंदुकांपैकी फक्त चकमकीच्या बंदुकीलाच त्यात परवानगी असते. १९७४ सालापासून हा हंगाम चालत आला आहे. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासायची आणि गारगोटीच्या ठिणगीने बार उडवायचा, अशी ती बंदूक. मराठीतला ‘ठासणीची बंदूक’ हा जुना शब्द तिला तंतोतंत लागू पडतो.

पतींनी दोन हिवाळे मित्राची रायफल उसनी घेऊन हा हंगाम करून पाहिला होता. ती रायफल अर्थातच उजव्या हाताची होती. चकमकीच्या रायफलीत कळ, म्हणजे घोडा, गारगोटी आणि रंजकाची (ठिणगीने आधी पेटणाऱ्या बारीक दारूची) वाटी हे सगळे यंत्र, नळीच्या एका बाजूला बसवलेले असते. उजवा नेमबाज ती खांद्याला लावतो तेव्हा कळ चेहऱ्यापासून दूरच्या बाजूला राहते. तीच रायफल डाव्या खांद्याला लावली की कळ चेहऱ्याच्या बाजूला येते, रंजक थेट डोळ्यांसमोर पेटते आणि ज्योत आत नेणाऱ्या नळीच्या बाजूच्या छिद्रातून निघणारा गरम वायूचा झोत गालाजवळून जातो. चष्मा लावूनही शरीर हे विसरत नाही. चाप ओढण्याच्या क्षणी त्यांचे डोळे मिटू लागले, खांदा दचकू लागला, आणि दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस त्यांनी रायफल परत केली व ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असे म्हणून विषय संपवला. उणीव त्यांच्यात नव्हती, हत्यारात होती, याची मला खात्री होती. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांच्या हाताची रायफल द्यायची, हे मी तेव्हाच ठरवले.

प्रथम माझी नजर हॉकन पद्धतीच्या रायफलींवर गेली. सेंट लुइस येथील जेकब आणि सॅम्युअल हॉकन या बंधूंच्या नावाने ओळखली जाणारी ही अर्ध्या नळीपर्यंतच लाकूड असलेली, जाड आणि तुलनेने आखूड नळीची रायफल आज कारखान्यांतून तयार मिळते आणि शोध घेतल्यास डाव्या कळेचीही सापडते. परंतु मूळ हॉकन रायफली बहुतांशी टोपीने, म्हणजे घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीने, उडणाऱ्या होत्या. त्यांच्यावर चकमकीची कळ बसवली की आमच्या हंगामाला ती चालते, पण इतिहासाशी तिचे नाते सैल होते, आणि माझ्या पतींना इतिहासाची इतकी आवड आहे की ते काही बोलले नसते, तरी त्यांना ते जाणवत राहिले असते. शिवाय ज्या भूमीत आम्ही राहतो, तेथेच अठराव्या शतकात जर्मन कारागिरांनी आपल्या आखूड शिकारी रायफलीतून लांब, सडपातळ अमेरिकन रायफल घडवली. लँकेस्टर गावचा जेकब डिकर्ट (१७४०–१८२२) हा त्यांतला ख्यातनाम कारागीर. लोक तिला केंटकी रायफल म्हणतात, पण ती घडली मुख्यत्वे पेनसिल्व्हेनियात. म्हणून लँकेस्टर पद्धतीची लांब रायफल घ्यायची, हे नक्की झाले.

येथे मी जवळजवळ चुकले होते. या रायफलींच्या उत्तरकालीन नमुन्यांत दस्ता अरुंद होतो, त्याचे टोक चंद्रकोरीसारखे वळते आणि पितळी नक्षीकाम भरगच्च होते. मला तोच नमुना आवडला होता. ज्या कारागिराकडे मी चौकशी केली, त्यांनी मला थांबवले. चंद्रकोरी दस्ता खांद्याच्या खोबणीत लावायचा नसतो, तो थोडा बाहेर, दंडाच्या वरच्या भागावर टेकवायचा असतो, आणि आधुनिक रायफलीची सवय असलेला माणूस तो हमखास चुकीच्या जागी लावतो व त्याची टोके मांसात रुततात, असे त्यांनी समजावून सांगितले. त्याऐवजी १७७० च्या दशकातील धाटणीचा, रुंद आणि सपाट टोकाचा दस्ता घ्यावा, असा त्यांचा सल्ला होता. तो मी मानला आणि आज त्याबद्दल त्यांची ऋणी आहे.

त्यांनी दुसरी अट घातली, ती मला जड गेली. रायफल वापरणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय लाकडाला हात लावणार नाही, असे ते म्हणाले. मी पतींच्या आधुनिक रायफलीवरून चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर गुपचूप मोजून आणले होते, ते पावणेपंधरा इंच होते. पण त्या रायफलीच्या टोकाला रबराची गादी होती आणि ती वापरताना पती मान पुढे ताणून गाल टेकवत, हे मला मोजपट्टीने कळणे शक्यच नव्हते. शेवटी वाढदिवसाच्या दिवशी मी त्यांना एक पत्र दिले: तुमची रायफल घडते आहे आणि माप द्यायला आपल्याला अमुक तारखेला जायचे आहे. अचानक भेट देण्याचा आनंद मी सोडला, याचे त्या दिवशी थोडे वाईट वाटले. परंतु कारागिराने त्यांना डोळे मिटून एक नमुना खांद्याला लावायला सांगितला, डोळे उघडल्यावर माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमखूण, कुठे दिसते हे विचारले आणि अंतर सव्वाचौदा इंचांवर आणले, तेव्हा माझ्या मनातील किंतु गेला.

रायफल अकरा महिन्यांनी, गेल्या एप्रिलमध्ये हाती आली. नळी ५० कॅलिबरची आणि ४२ इंच लांब आहे. ती दोन्ही टोकांना जाड आणि मधे बारीक अशी घडवलेली असल्यामुळे रायफल आठ पौंडांची असूनही हातात तोंडाकडे झुकत नाही. सरळ अष्टकोनी नळीची रायफल आणि ही रायफल एकापाठोपाठ उचलून पाहिल्या की फरक हाताला लगेच समजतो, आणि या एका गोष्टीसाठी अधिक पैसे मोजावे लागले तरी मोजावेत, असे माझे मत आहे. नळीतील पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचे वळण, ६६ इंचांत एक फेरा इतका सावकाश आहे. कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीला असाच पीळ मानवतो, ४८ इंचांचा पीळ ही लांबट गोळीशी केलेली तडजोड असते. कळ डावीकडे, गालाचा उंचवटा उजवीकडे, दस्त्यातील पितळी पेटी डावीकडे आणि दस्ता किंचित डावीकडे वळवलेला, म्हणजे सर्वच बाबतींत आरशातील प्रतिमा. चाप साधा, एकेरी आहे. आधी ताणून ठेवायचा आणि मग स्पर्शाने सुटणारा जोडचाप कागदी लक्ष्यावर उत्तम चालतो, पण जानेवारीत हातमोजे घालून तो हाताळणे मला सुरक्षित वाटले नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात. १९६८ च्या संघीय कायद्यानुसार अशी ठासणीची प्रतिकृती पुरातन हत्यारांत गणली जाते, त्यामुळे ती परवानाधारक विक्रेत्याच्या माध्यमाशिवाय घेता येते. मात्र काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत, तेव्हा भेट देण्यापूर्वी आपल्या राज्याचा नियम स्वतः वाचावा.

आता माझ्या हातून झालेली खरी चूक. रायफल यायच्या आधी मी सर्व साहित्य जमवून ठेवले होते: गोळ्या, कापडाच्या चकत्या, दारूचे माप, दारू ठेवायचे शिंग आणि पारंपरिक काळ्या दारूऐवजी दुकानात सहज मिळालेली पर्यायी दारू. ही पर्यायी दारू काळ्या दारूपेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला पेटते. टोपीच्या रायफलीत ती चालते, पण चकमकीच्या रायफलीत रंजकाची ज्योत बारीक छिद्रातून आत जाऊन तिला भरवशाने पेटवू शकत नाही. पहिल्याच दिवशी रंजक भुर्रकन जळे आणि आतला बार तसाच राहून जाई. खरी काळी दारू स्फोटकांत मोडते, तिच्या साठवणुकीचे नियम दुकानदारांना जाचक वाटतात, त्यामुळे ती फार थोड्या ठिकाणी मिळते. वैयक्तिक वापरासाठी ५० पौंडांपर्यंत ती परवान्याशिवाय बाळगता येते, पण ती मागवून येईपर्यंत नवीकोरी रायफल तीन आठवडे भिंतीवर राहिली. रायफल भेट देणाऱ्याने काळी दारू आधी घरात आणावी, हे मी कळकळीने सांगते. आणि आधुनिक बिनधुराची दारू या नळीत चिमूटभरही कधी घालू नये, त्याने नळी फुटते.

योग्य दारू आल्यावर मे आणि जून हे दोन महिने रायफलीची आवड ओळखण्यात गेले. ०.४९० इंची शिशाची गोळी, तिच्याभोवती जाड विणीच्या सुती कापडाची मेण व चरबी लावलेली चकती, आणि ७० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम, दारू, येथे आम्ही पोहोचलो. आधी मी आणलेल्या ०.४९५ इंची गोळ्या इतक्या घट्ट बसत की गज वाकू लागे. उडून पडलेली चकती शोधून तिचे निरीक्षण करणे ही या प्रकारातील मोठी विद्या आहे: कडा थोड्या झिरमिळ्या झालेल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर जोड बरोबर, मधे भोक जळलेले असेल तर कापड पातळ किंवा वंगण अपुरे. आमच्या पहिल्या चकत्या जळत होत्या, कापड बदलताच ५० यार्डांवरचे पाच बार तळहाताखाली झाकता येऊ लागले. गोळी दारूवर पूर्ण टेकली आहे ना, हे पाहण्यासाठी पतींनी गजावर खूण केली आहे. मधे पोकळी राहिली तर नळी फुगू शकते, म्हणून ती खूण ते प्रत्येक वेळी पाहतात. दारू कधीही शिंगातून थेट नळीत ओतायची नाही, मापातूनच ओतायची, कारण मागच्या बाराची ठिणगी आत धुमसत असेल तर हातात पूर्ण शिंग पेटेल. बार फुसका गेला तर रायफलीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून किमान एक मिनिट थांबायचे.

रंजकाबाबत नवख्यांचा समज उलटा असतो. वाटी काठोकाठ भरली तर छिद्र बुजते, आणि ज्योत एकदम आत शिरण्याऐवजी वातीसारखी जळत जाते. सुमारे तीन ग्रेन अतिबारीक दारू छिद्राच्या खालच्या पातळीला ठेवली की रंजक आणि बार यांचे दोन आवाज वेगळे ऐकू येत नाहीत. जुलैपर्यंत माझ्या पतींचे डोळे चाप ओढताना उघडे राहू लागले. हे मी दुर्बिणीतून बाजूने पाहत होते आणि ज्या दिवशी ते प्रथम दिसले, त्या दिवशी मी त्यांना काहीच सांगितले नाही, कारण सांगितले असते तर त्यांचे लक्ष पुन्हा डोळ्यांकडे गेले असते.

डाव्या कळेचा एक परिणाम मात्र आम्हाला कोणी सांगितला नव्हता. छिद्रातून निघणारा झोत डावीकडे जातो, म्हणजे रांगेत डाव्या हाताला उभ्या असलेल्या माणसाकडे. त्यामुळे पती नेहमी रांगेच्या अगदी डाव्या टोकाला उभे राहतात. सप्टेंबरमध्ये आम्ही इंडियानातील फ्रेंडशिप येथे, १९३३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय ठासणी रायफल संघटनेच्या सामन्यांना गेलो, तेव्हाही त्यांनी आपली ही अडचण आधीच सांगून टोकाची जागा मागून घेतली.

सफाईबद्दल लोक घाबरवतात, त्यात तथ्य आहे पण अतिशयोक्तीही आहे. काळ्या दारूची काजळी हवेतील ओल शोषते आणि लोखंड गंजवते, म्हणून सफाई त्याच दिवशी झाली पाहिजे. साबणाचे कोमट पाणी, कोरडी फडकी, तेल, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक तेलाचे फडके, असे सगळे मिळून पाऊण तास लागतो. उकळते पाणी वापरू नये, नळी वाळताना लगेच तांबूस गंज धरतो. नळी पतींची आणि कळ माझी, अशी आमची वाटणी आहे.

दोष दोन आढळले. गारगोटी ज्यावर आपटते त्या पोलादी पाटीचे कडकपण पुरेसे नव्हते. सुमारे तीनशे बारांनंतर ठिणग्या मंदावल्या, गारगोटीची धार नवी करूनही फरक पडेना. कारागिरांनी पाटी पुन्हा तापवून कडक करून दिली, परंतु त्यात ऑक्टोबरचे पाच आठवडे गेले आणि हंगाम तोंडावर असताना ते अतिशय अस्वस्थतेचे होते. दुसरा दोष मी दोष म्हणू की नको, असा विचार करते: पुढची माशी मुद्दाम उंच ठेवलेली असते, त्यामुळे रायफल सुरुवातीला खाली मारते आणि कानशीने माशी थोडी थोडी घासून नेम वर आणावा लागतो. हे रीतीला धरून आहे, पण नव्याला ते आधी सांगायला हवे होते. याशिवाय रायफलीची एकूण लांबी ५८ इंच आहे आणि आमच्या कपाटात ती उभी राहत नाही. कुलूपबंद, उंच जागा शोधावी लागली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, हिमाच्या भुरभुरीत, कळेवर तेल लावलेले चामड्याचे आच्छादन बांधून ते पहाटे निघाले. दर अर्ध्या तासाने वाटीतील जुनी रंजक झटकून नवी घालत होते, कारण ओली रंजक गोळा होऊन बसते. दुपारी चाळीस यार्डांवर एक हरिणी आली. बार एका आवाजात उडाला आणि तिला दुसऱ्या बाराची गरज पडली नाही.

मी स्वतः ही रायफल चार-पाच वेळा उडवून पाहिली आहे. मी उजवी आहे, त्यामुळे त्यांनी दोन हिवाळे काय सोसले ते मला गालावर कळले, आणि दस्ताही मला एक इंचाहून अधिक लांब पडतो. मागच्या रविवारी ते मोजपट्टी आणि एक लाकडी नमुना घेऊन आले, मला डोळे मिटायला सांगितले आणि कागदावर लिहिले: उजवी कळ, १३ इंच, ३८ इंची नळी.