चाळीस तासांचे पॅकेज आणि रातोरात बंद झालेले सॉफ्ट प्ले

जून २०२४ मध्ये पावसाने सोसायटीच्या बागेचा चिखल केला आणि साडेतीन वर्षांच्या मुलीला संध्याकाळी घरात थोपवून धरणे अवघड झाले, तेव्हा आम्ही पुण्यातल्या वाकडजवळच्या एका सॉफ्ट प्लेमध्ये, म्हणजे लहान मुलांसाठी गाद्या लावलेल्या घरातल्या खेळघरात, चाळीस तासांचे पॅकेज घेतले. एरवी तासाला ५०० रुपये आणि सोबतच्या पालकाचे १०० रुपये वेगळे असा दर होता. पॅकेजमध्ये तोच तास ३५० रुपयांना पडत होता आणि पालकाला प्रवेश मोफत होता. आम्ही १४,००० रुपये एकरकमी भरले. मुलगी त्यांतले अकरा तास खेळली. उरलेल्या २९ तासांचे १०,१५० रुपये आणि ऑक्टोबरमधल्या वाढदिवसासाठी दिलेले १०,००० रुपये आगाऊ, असे एकूण २०,१५० रुपये बुडाले. एवढ्या रकमेसाठी कोणी कोर्टाची पायरी चढत नाही हे समोरच्यालाही ठाऊक असते, म्हणूनच हा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

मी डोळे मिटून पैसे दिले होते असे मात्र नाही. बॉल पूलमधले चेंडू किती दिवसांनी धुतात, ट्रॅम्पोलिनच्या स्प्रिंगांवर गादी आहे का, मोठी मुले आणि रांगणारी बाळे एकाच ठिकाणी सोडतात का, हे सारे मी विचारले होते. त्याआधीच्या महिन्यात, २५ मे रोजी, राजकोटच्या गेम झोनला लागलेल्या आगीत लहान मुलांसह २५ हून अधिक जण दगावले होते, त्यामुळे बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कोठे आहे आणि त्याला कुलूप तर नाही ना, हेही मी स्वतः आत जाऊन पाहिले. पैसे कोणाच्या खात्यात जात आहेत, एवढे मात्र पाहूनही मनावर घेतले नाही. काउंटरवरचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर दुकानाच्या नावाऐवजी एका बाईंचे नाव आले. विचारल्यावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, सरांच्या घरच्यांचंच अकाउंट आहे, आपलं मशीन दोन दिवस बंद आहे." मागे रांग होती, लेक एकच मोजा घालून आत पळाली होती, आणि मी पिन टाकला. घरी आल्यावर सासूबाई एवढेच म्हणाल्या, "दूधवाल्यालासुद्धा आपण महिना संपल्यावर पैसे देतो गं." त्या वेळी मला ते जुन्या वळणाचे बोलणे वाटले होते.

पावती मिळाली, तीही १८ टक्के जीएसटी दाखवणारी. कराची रक्कम २,१३५ रुपये ५९ पैसे अशी पैशांपर्यंत छापलेली पाहून व्यवहार चोख असल्याची माझी खात्रीच पटली. पुढे सप्टेंबरमध्ये त्या पावतीवरचा पंधरा अंकाक्षरी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासला, तेव्हा ती नोंदणी फेब्रुवारीतच रद्द झाल्याचे दिसले. हा शोध घ्यायला लॉगिन लागत नाही, पैसेही पडत नाहीत. नोंदणीधारकाचे नाव, व्यवसायाचा पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे मिनिटभरात समोर येते. तो मिनिट मी तीन महिने उशिरा खर्च केला.

गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी, ५ सप्टेंबरला, शटरवर कागद लागला: "अग्निसुरक्षेच्या कामासाठी बंद. १८ तारखेपासून पुन्हा सेवेत." राजकोटनंतर सगळीकडे तपासण्या चालू असल्याने कोणालाच शंका आली नाही, उलट काहींनी कौतुकच केले. अठरा तारीख गेली, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय झाली. मग आम्ही काही जणांनी गाळ्याच्या मालकांना गाठले. त्यांच्याकडून कळले ते असे की मार्चपासून भाडे थकले होते आणि ऑगस्टअखेर गाळा रिकामा करण्याची लेखी नोटीस मे महिन्यातच दिलेली होती. म्हणजे मला जूनमध्ये चाळीस तास विकताना जागा तीन महिन्यांपुरतीच हाती आहे हे सॉफ्ट प्ले चालवणाऱ्यांना माहीत होते. आणि १९ ऑगस्टला "राखीपौर्णिमा ऑफर" म्हणून भावंडांची वार्षिक पॅकेजे विकली, तेव्हा तर हातात जेमतेम दोन आठवडे होते. धंदा बुडणे मी समजू शकते, पण बुडणार हे माहीत असताना घेतलेले पैसे त्यात धरता येत नाहीत.

डिसेंबरमध्ये दोन किलोमीटरवर नव्या नावाचे सॉफ्ट प्ले उघडले. मी लेकीला न घेता एकटीच पाहायला गेले. घसरगुंडीकडे चढणाऱ्या तिसऱ्या पायरीवरच्या हिरव्या गादीला पांढऱ्या जाड दोऱ्याची तिरकी शिवण होती. जुन्या जागी मुलीचे बोट त्या फाटक्या कडेत अडकले होते, आणि माझ्याच तक्रारीनंतर ती शिवली गेली होती. तिथल्या व्यवस्थापकांनी शांतपणे सांगितले, "आम्ही फक्त सामान विकत घेतलंय, जुन्या मेंबरशिपचा आमचा संबंध नाही." काउंटरवरचा क्यूआर कोड मी मुद्दाम स्कॅन केला. त्याच बाईंचे नाव आले. पैसे न देता त्या पडद्याचा स्क्रीनशॉट घेतला आणि बाहेर पडले.

पोलीस चौकीत प्रथम "हे दिवाणी प्रकरण आहे" असेच ऐकावे लागले. गाळामालकांच्या नोटिशीची प्रत जोडून, पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू होता असे लेखी दिले, तेव्हा अर्ज दाखल करून घेतला गेला. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिचा उपयोग समोरचा दाद देत असेल तर होतो, आमचा देत नव्हता. अखेर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे ऑनलाइन तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मात्र ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. आमच्यातल्या एका गृहस्थांनी मशीन चालू असताना क्रेडिट कार्डाने पैसे भरले होते. सेवा मिळाली नाही अशी तक्रार त्यांनी लगेच बँकेकडे केली आणि त्यांची रक्कम परत आली. यूपीआयने भरणाऱ्या आम्हा कोणाला तो मार्ग उरला नाही.

आयोगाची नोटीस गेल्यानंतर, "आमचा संबंध नाही" म्हणणाऱ्या त्याच व्यवस्थापकांचा फोन आला. तक्रार मागे घेतल्यास नव्या जागेत वीस तास मोफत देऊ, मात्र ते तीन महिन्यांत वापरावे लागतील, असे ते म्हणाले. मी हे लेखी कळवा म्हटले. अद्याप काही आलेले नाही.