व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट : एका गायिकेचा वापरानंतरचा अनुभव

मी देवीची आराधी गीतं, गोंधळाची पदं आणि स्वतः रचलेली गाणी गाते. अंबाजोगाई, केज, धारूर, कळंब हा माझा पट्टा. मागं कंपनी नाही, मॅनेजर नाही. संबळाला भाऊ, तुणतुण्याला चुलते आणि पेटीला शेजारच्या गावचे गुरुजी, एवढाच आमचा संच. ऐकणाऱ्यांशी संबंध टिकावा म्हणून गेल्या आषाढापासून मी व्हॉट्सॲप बिझनेसमधली ब्रॉडकास्ट लिस्ट वापरते आहे. माझं मत आधीच सांगते : गावोगाव फिरून गाणाऱ्या कलावंताला फोनमध्ये जे जे मिळतं, त्यात मला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही सापडलं नाही. पण त्यासाठी माणसं जमवावी लागतात, आणि ते काम फोन करत नाही.

याआधी माझा सगळा भार एका समाजमाध्यमावरच्या पानावर होता. व्हिडिओ बघितले जायचे, खाली हात जोडल्याची चिन्हं पडायची. तरी शेजारच्या तालुक्यात आमचा कार्यक्रम असला तर तिथल्या लोकांना तो कळेलच याची खात्री नसायची, कारण कुणाला काय दाखवायचं हे पान चालवणारी कंपनी ठरवते. मग एके दिवशी ते पान उघडेनासं झालं. कारण कळलं नाही, अर्जाला उत्तर आलं नाही. गाणी माझ्याकडे होती. ती ऐकणारी माणसं कोण, कुठल्या गावची, हे मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यानंतर मी ठरवलं, ऐकणाऱ्याचा पत्ता आपल्याकडे पाहिजे.

ब्रॉडकास्ट लिस्टचं काम सोपं आहे. एका यादीत २५६ माणसं बसतात. तुम्ही एकदा निरोप पाठवला की तो प्रत्येकाला वेगवेगळा, खासगी निरोप म्हणून जातो. यादीत आणखी कोण आहे हे कुणालाच दिसत नाही. त्यानं उत्तर दिलं तर ते फक्त तुमच्याकडे येतं. अट एकच, पण मोठी : ज्यानं तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह केलाय, त्यालाच निरोप पोचतो.

सुरुवातीला ही अट मला अडचण वाटली. आता वाटतं, या सोयीचं खरं मोल त्या अटीतच आहे. नंबर सेव्ह करणं म्हणजे माणसानं स्वतः तुम्हाला दारात घेणं. पुढं चालता चालता अंगठा दाबून जाणारा वेगळा आणि फोनबुकात तुमचं नाव लिहून ठेवणारा वेगळा. कार्यक्रमाला सतरंजीवर पुढं येऊन बसतात ती ही दुसऱ्या प्रकारची माणसं, हे मी या हंगामात डोळ्यांनी पाहिलं.

नंबर सेव्ह करून कसा घ्यायचा, यावर आम्ही बराच विचार केला. व्हॉट्सॲप बिझनेस क्यूआर कोड देतं, तो फ्लेक्सवर छापला. तरुण पोरं तो स्कॅन करतात. पण माझ्या ऐकणाऱ्यांत अर्ध्या बायका. रात्रीच्या कार्यक्रमात त्यांच्याकडे फोन असतो तो घरातल्या कुणाचा तरी, किंवा पदरात बांधलेला साधा. त्यांच्यासाठी मी नंबरच गाते. दहा आकडे आराधी गीताच्या चालीवर नीट बसतात, मागं संबळ असला की दोन वेळा म्हटलं तरी कंटाळा येत नाही, आणि बायका तो घरी जाईपर्यंत गुणगुणत राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्ड कॉल यायला लागतात. मी उलट फोन करते, नाव-गाव विचारते आणि सांगते, “मावशी, नातवाला माझं नाव फोनात लिहून ठेवायला सांगा, म्हणजे गाणं येईल.” वेळखाऊ काम आहे. पण तिथंच ओळख होते.

ग्रुप का नाही, असं बऱ्याच कलावंतांनी मला विचारलं. ग्रुपमध्ये १०२४ जण बसतात, एकदम मोठी गर्दी जमते, मग एवढा खटाटोप कशाला? कारण ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. गावाकडची सून, कॉलेजात जाणारी पोरगी माझ्या गाण्यासाठी ग्रुपात आली आणि तिच्या नंबरवर अनोळखी माणसांचे मेसेज सुरू झाले, तर दुसऱ्या दिवशी तिचा फोन घरच्यांच्या हातात जातो. गाणं तर सुटतंच, वर तिची मोकळीकही जाते. माझ्यावर भरवसा ठेवून नंबर दिलेल्या बाईचं असं व्हावं हे मला सहनच होणार नाही. फक्त एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी ब्रॉडकास्टच निवडलं असतं.

बिझनेस ॲपात लेबल लावायची सोय आहे, वीस लेबलं करता येतात. मी तालुक्यांची केली आहेत. देवीच्या मंडळांची आणि कार्यक्रमाची सुपारी देणाऱ्यांची वेगळी. केजला कार्यक्रम असेल तर निरोप केज-धारूरलाच जातो, कळंबच्या माणसाला उगाच त्रास नाही. नवरात्रात हे फार कामाला आलं. एकाच आठवड्यात तीन तालुके असले तरी ज्याला त्याला आपापल्या गावचीच तारीख मिळाली.

आणखी एक लेबल आहे ‘ऊसतोड’. सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं ते त्याबद्दल.

आमच्या भागातली निम्मी गावं दसरा-दिवाळीनंतर रिकामी होतात. ऊसतोडीसाठी आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेतलेली असते. मुकादमाची गाडी आली की टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या परततात गुढीपाडव्याच्या आसपास. नेमका हाच आमचा कार्यक्रमांचा हंगाम. मार्गशीर्षात अंबाजोगाईला योगेश्वरीचा उत्सव असतो, तेव्हा ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या आराधी गीतं म्हटली जातात त्याच बाया दूर कुठल्या तरी उसाच्या फडात मोळ्या बांधत असतात. त्यांना माझं गाणं ऐकायला मिळत नाही, आणि मलाही ऐकणारा असा कान दुसरीकडे मिळत नाही. चाल कुठं सुटली, शब्द कुठं ओढून बसवला, हे त्या ताबडतोब सांगतात.

या लेबलला मी लिखित काहीच पाठवत नाही. वाचता येणाऱ्या बाया थोड्या, आणि पहाटे अंधारात कोयता घेऊन निघालेल्या माणसाला वाचायला सवड कुठली? व्हॉइस नोट पाठवते, दीड-दोन मिनिटांची. आधी चार शब्द बोलायचं, कसे आहात विचारायचं, मग एक कडवं. संध्याकाळी उशिराच पाठवायची, कारण बाया फडातून आधी कोपीवर, म्हणजे झोपडीवर, येऊन चूल पेटवतात, आणि फोन चार्ज होतो तो बहुतेक ट्रॅक्टरवाल्याकडे किंवा गावातल्या टपरीवर. निरोप कधी दोन दिवसांनी ऐकला जातो. त्याला हरकत नाही, तो तिथं वाट बघत थांबलेला असतो. स्टेटसचं तसं नाही. ते चोवीस तासांत जातं, त्यामुळे या माणसांसाठी त्याचा उपयोग शून्य.

आणि मग उत्तरं येतात. मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज, एखादं लेकरू रडतंय, आणि बाई बोलते, “अक्का, लई बरं वाटलं बगा. समद्या कोपीवाल्यांनी ऐकलं.” एका मावशीनं उत्तरात माझ्याच गाण्याला पुढचं कडवं लावून पाठवलं. उसाच्या वाढ्याची पेंढी डोक्यावर, पोर काखेला आणि येडाई, म्हणजे येरमाळ्याची येडेश्वरी, वाटेवर उभी, असं त्यात चित्र होतं. मी या भागातलीच, तरी मला ते सुचलं नव्हतं. मी फोन करून विचारलं, हे गाऊ का? नाव घेऊन गाऊ की नको? त्या म्हणाल्या, नाव घे, पण माहेरचं घे. आता ते कडवं मी प्रत्येक कार्यक्रमात त्यांच्या नावानं गाते, आणि त्या गाण्याच्या बिदागीतला वाटा त्यांना पाठवते. लोकगीताच्या नावाखाली बायकांच्या ओव्या उचलायच्या आणि नाव गाळायचं, हा प्रकार मला कधीच पटलेला नाही. असं कडवं परत यायला वाट मोकळी हवी, ती या यादीनं दिली.

आता थोडं तांत्रिक, कारण नवीन कलावंतांना इथं अडतं. व्हॉइस नोट बोलण्यासाठी उत्तम आहे, पण ती आवाज बराच दाबते. संबळाच्या धुम्माचा खर्ज आणि तुणतुण्याची तार, दोन्ही पुसट होतात. म्हणून पूर्ण गाणं पाठवायचं असेल तर आधी नीट रेकॉर्ड करून एमपीथ्री करायचं आणि ते डॉक्युमेंट म्हणून जोडायचं. १२८ केबीपीएसला मिनिटाला साधारण एक एमबी लागते, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं पाच एमबीत जातं. तेच मूळ वेव्ह फाईल पाठवलीत तर मिनिटाला दहा एमबी. फडात दोन काड्यांचं नेटवर्क असलेल्या माणसाकडे ती उतरायचीच नाही.

त्रुटी आहेत, आणि काही मोठ्या आहेत. २५६ ची मर्यादा लवकर भरते, मग दुसरी यादी, तिसरी यादी, आणि तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवणं आलं. नंबर सेव्ह केला नसेल तर निरोप पोचत नाही, पण तसं कुणी कळवत नाही. त्यावर उपाय असा : पाठवलेल्या निरोपावर बोट दाबून धरायचं आणि माहिती उघडायची, तिथं कुणाला पोचला आणि कुणी वाचला हे दिसतं. जी नावं तिथं येतच नाहीत त्यांना मी महिन्याअखेरी फोन लावते. बहुतेक वेळा सिमकार्ड बदललेलं असतं. ऊसतोडीच्या टोळ्यांत हे फारच होतं.

बाईमाणसानं नंबर असा चारचौघांत गावा का, हा प्रश्न घरातही आला. मी त्यासाठी वेगळं सिम घेतलं आणि ते वेगळ्या फोनमध्ये ठेवलं. रात्री ठरावीक वेळेनंतर त्या फोनचा आवाज बंद असतो, नेट तेवढं चालू, आणि आपोआप जाणारा निरोप सांगतो की उत्तर सकाळी मिळेल. अवेळी फोन करणारे भेटले, त्यांना लगेच ब्लॉक केलं, दुसरी संधी दिली नाही. सुपारीचे फोन भाऊ उचलतो. एवढी तजवीज असेल तर भ्यायचं कारण नाही, असं मी आमच्याकडच्या गाणाऱ्या पोरींना सांगते. तजवीज नसेल तर मात्र नंबर देऊ नका.

आणखी एक. कुणाचा तरी नंबर कुठून तरी मिळवून यादीत घालू नका. मंडळाची वर्गणीची यादी आयती मिळाली म्हणून ती भरू नका. लोकांनी तक्रार केली तर व्हॉट्सॲप नंबर बंद करू शकतं, आणि मग सगळी मेहनत गेली. त्याहून वाईट म्हणजे गावात नाव जातं. ज्यानं स्वतः मिस्ड कॉल दिला तोच माझ्या यादीत. निरोपही महिन्यातून मोजकेच पाठवते : नवं गाणं, कार्यक्रमाची तारीख, देवीचा मोठा सण. सकाळच्या शुभेच्छांची चित्रं मी एकदाही पाठवलेली नाहीत.

व्हॉट्सॲपची चॅनल सोय भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आली, तीही चालू ठेवली आहे. चाकण, पुणे, मुंबईकडे कामाला गेलेली आमच्याकडची पोरं तिथं आहेत. चॅनलला संख्येची अडचण नाही, तुमचा नंबर ऐकणाऱ्याला दिसत नाही, आणि ऐकणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. म्हणजे घाबरणाऱ्या कलावंतासाठी ते बरं. पण टाकलेलं तीस दिवसांनी निघून जातं, आणि ऐकणारा चिन्ह दाबून पुढं जातो. मावशीचं कडवं चॅनलवर आलंच नसतं. यूट्यूबही सोडलेलं नाही. गाणं कायमचं राहतं ते तिथं. जाहिरातीतला वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत ४००० तास पाहणं लागतं, ते आमच्यासारख्याला लवकर जमत नाही. त्यामुळे पैशाची वाट मी तिकडून बघतच नाही.

पैशाचं सांगायचं तर यादीतून मिळालेल्या सुपाऱ्या आता बाहेरून आलेल्यांपेक्षा जास्त आहेत. लग्नानंतरचा गोंधळ, जागरण, देवीच्या नावानं जेवण, अशा घरगुती कार्यक्रमांना बोलावणारा माणूस थेट माझ्याशी बोलतो, मधला दलाल गळतो. नव्या गाण्याच्या रेकॉर्डिंगसाठी मी यादीवर एकदा मदत मागितली तेव्हा यूपीआयवर दहा-वीस रुपयांपासून रक्कम आली, आणि स्टुडिओचं भाडं निघालं. ज्यांनी ज्यांनी पाठवले त्या प्रत्येकाला गाणं सगळ्यांच्या आधी ऐकवलं.

कुणी वापरावं? जो लोकांसमोर उभा राहून गातो त्यानं : शाहीर, भारुडवाले, भजनी मंडळं, भीमगीतांचे गायक, वाघ्या-मुरळी. ज्याचं गाणं लोकांना फक्त मोबाईलवरच भेटतं त्यानं आधी चॅनलनं सुरुवात करावी, कारण नंबर सेव्ह करण्याइतकी ओढ प्रत्यक्ष भेटीतून तयार होते. आणि ज्याला रोज रात्री तासभर उत्तरं ऐकायला आणि द्यायला जमणार नाही, त्यानं या वाटेला जाऊच नये. उत्तर न देणारा कलावंत लोकांच्या फार लवकर लक्षात येतो.

फोन हरवला किंवा बिघडला तर काय, याची तयारी पहिल्याच दिवशी करा. सगळे नंबर गूगल खात्यात सेव्ह ठेवा, आणि नाव, गाव, नंबर असं एका वहीतही लिहा. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते, तोवर टोळ्या परतलेल्या असतील. बदललेली सिमं तिथंच नव्यानं लिहून घ्यायची म्हणून वही आणि भाची दोघींना बरोबर नेणार आहे.