गाडीतील इन्व्हर्टर आणि फ्यूजच्या नावाखाली झालेली फसवणूक

सोलापुरात चादरी व टॉवेल विकण्यासाठी मी टेम्पो वापरतो. गड्ड्याच्या यात्रेत रात्री उशिरापर्यंत विक्री चालते, म्हणून हॅलोजन दिव्यांसाठी १२ व्होल्टच्या बॅटरीवर १००० वॅटचा इन्व्हर्टर बसवून घेतला. बसवणाऱ्याने बॅटरीजवळचा १२५ अँपिअरचा फ्यूज आणि ३५ चौरस मिलिमीटरची अस्सल तांब्याची केबल यांचे पूर्ण पैसे घेतले, परंतु यांपैकी एकही वस्तू दिली नाही.

एके संध्याकाळी पत्र्याच्या भोकातून ओढलेली केबल घासली जाऊन तिचे वेष्टन फाटले, ती बॉडीला टेकली आणि ठिणग्या उडू लागल्या. फ्यूज उडालाच नाही. बॅटरीचे टर्मिनल वेळीच सुटले म्हणून माल वाचला. दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने उघडून पाहिले, तेव्हा फ्यूजचा होल्डर बॅटरीजवळ नसून इन्व्हर्टरच्या तोंडाशी आढळला. बॅटरीपासून तिथपर्यंतच्या तारेला त्यामुळे कोणतेही संरक्षण नव्हते. होल्डरच्या आत तर फ्यूजऐवजी कसलेही आकडे नसलेली पितळेची जाड पट्टी होती. केबलची तार चाकूने खरवडल्यावर वरच्या तांबूस मुलाम्याखाली पांढरे अ‍ॅल्युमिनियम दिसले. जाड वेष्टनामुळे ती बाहेरून भरदार भासत होती.

हिशेब अवघड नाही. १००० भागिले १२ म्हणजे सुमारे ८३ अँपिअर प्रवाह. इन्व्हर्टरमधील गळती धरली की तो शंभरच्या आसपास जातो आणि बॅटरी उतरत आली की आणखी वाढतो. फ्यूज यापेक्षा थोडा मोठा, पण केबलला सोसवेल त्यापेक्षा लहान हवा, कारण तो इन्व्हर्टरसाठी नव्हे, तर तारेला आग लागू नये म्हणून असतो. मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा बरेच कमी अँपिअर वाहते, म्हणून तारेतच लबाडी झाली की फ्यूजचा योग्य आकडाही निरुपयोगी ठरतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा केबल निवडताना हात आखडता घेऊच नये. घरातील एसी वीजप्रवाहाची एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारी कळ) लावून देतो, असे कोणी सुचवले तर साफ नकार द्यावा. बॅटरीच्या डीसी प्रवाहाची ठिणगी त्यात विझेलच असे नाही.

पैसे देण्यापूर्वी होल्डर उघडायला लावा, फ्यूजवरील अँपिअर आणि डीसी व्होल्टचे आकडे स्वतः वाचा, तारेचा कापलेला तुकडा खरवडून पाहा. बिलावर केबलची जाडी, धातू आणि फ्यूजचा आकडा लिहून घ्या. बसवणाऱ्या दुकानदाराने माझ्या बिलावर फक्त ‘वायरिंग सामान’ लिहिले होते आणि तक्रार करायला गेल्यावर त्याच दोन शब्दांवर बोट ठेवून त्याने जबाबदारी नाकारली. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावून मी तक्रार नोंदवली असून काढलेली पट्टी व केबल पुरावा म्हणून जपून ठेवली आहे.