जुना पेन्टियम चालू होईना? बोगारवेसच्या अण्णाकडं न्या (घाई असली तर मात्र नको)

रेटिंग द्यायचंच तर ५ पैकी ४, एक स्टार कशाला कापला ते खाली येतंयच. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या या दुकानाला धड बोर्ड नाही, बेळगावात बोगारवेसच्या मागं एका बोळात जिना चढून वर जायचं, मालकाला सगळे अण्णाच म्हणतात, कुणालाही विचारलं की दाखवतंय. नवीन लॅपटॉप विकायला ठेवलेले नाहीत, आत गेलं की जुने डबडे मॉनिटर एकावर एक आणि सोल्डरिंगचा वास.

आमचं प्रकरण असं की खानापूरला आमचा छोटा प्रेस आहे, लग्नपत्रिका, हँडबिलं, यात्रेच्या पावत्या असलं काम, आणि त्यात विंडोज ९८ वाला पेन्टियम थ्री अजून पाळलाय. हसू नका. जुन्या गिऱ्हाईकांचं सगळं मराठी-कन्नड मॅटर पेजमेकरमध्ये (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) जुन्या फॉन्टात पडलंय, त्या फॉन्टचं सॉफ्टवेअर मागं प्रिंटरच्या पोर्टाला डोंगल (सॉफ्टवेअरची किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही आणि आताच्या मशीनला ते पोर्टच नसतंय. युनिकोडमध्ये परत टाईप करून घ्या की म्हणणारे लई भेटतात, टाईप करायला बसणारा कोण भेटत नाही.

तर पाऊस लागल्यापासनं हे मशीन नाटकं करायला लागलं. बटण दाबलं की फॅन फिरतोय, पुढची लाईट लागतीय, स्क्रीन मात्र काळी ती काळीच, बीप पण नाही. बंद-चालू करत राहिलं की कधीतरी सुरू व्हायचं आणि एकदा झालं की दिवसभर कसली तक्रार नाही, जेवायच्या वेळेला बंद करून परत लावलं तरी पटकन लागायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. आधी दुसऱ्या एका दुकानात दाखवलं तर त्यांनी स्क्रू पण न काढता मदरबोर्ड गेलाय म्हणून सांगितलं आणि लगेच सेकंडहँड मशीनचे रेट सुरू केले.

अण्णानं पहिल्यांदा विचारलं ते असं, "गार असताना लागत नाही, गरम झाल्यावर लागतंय, तसंच ना वो?" मशीनला हात लावायच्या आधी! मला तिथंच बरं वाटलं.

त्याची कामाची पद्धत उभं राहून बघण्यासारखी आहे. आधी सगळं काढून टेबलावर मांडलं, हार्ड डिस्क, सीडी ड्राईव्ह, साऊंड कार्ड, डिस्प्ले कार्ड, रॅमसुद्धा. उरला बोर्ड, प्रोसेसर आणि तो एवढासा स्पीकर. रॅम नसताना चालू केलं तर बोर्डानं ओरडायला पाहिजे, ओरडला म्हणजे प्रोसेसर आणि बायोस (मशीन सुरू करून देणारा बोर्डातला प्रोग्राम) जिवंत आहेत. ओरडला. मग रॅमची एकच पट्टी घेऊन तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरानं घासून पुसून लावली (आमच्याकडच्या पावसात त्यावर थर बसतोयच), आता एक लांब आणि दोन आखूड बीप. आमचा बायोस अवॉर्ड कंपनीचा, त्यात याचा अर्थ डिस्प्ले कार्ड सापडेना, आणि कार्ड तर टेबलावरच पडलेलं, म्हणजे बोर्ड खरं बोलतोय. कार्ड बसवलं, स्क्रीन आली. मी म्हटलं झालं काम, तर अण्णा म्हणतोय आता हे गरम आहे, याच्या बोलण्यावर विश्वास नाही, रात्री इथंच राहू दे.

सकाळी गार मशीनला पोस्ट कार्ड (टपालाचं नव्हे, चालू होतानाची तपासणी दाखवणारं) लावलं. हे कार्ड पीसीआयच्या खाचेत बसतंय, त्यावर दोन आकडे दिसतात, बायोस चालू होताना एकेक पायरीला पोर्ट ८० वर (मशीनच्या आतला एक पत्ता) एक कोड टाकत जातो आणि जिथं अडकेल तिथला आकडा तसाच राहतो. असलं कार्ड ऑनलाईन स्वस्तात मिळतंय, पण कोडचा अर्थ बायोसप्रमाणे बदलतो, नुसतं कार्ड घेऊन उपयोग नाही. आमच्यात आकडा शून्य-शून्यच्या पुढं सरकेनाच, म्हणजे प्रोसेसर पहिल्या पायरीला पण पोचलेला नाही. मग मल्टीमीटर. जांभळ्या वायरीवर स्टँडबायचे (मशीन बंद असताना पण येणारे) ५ व्होल्ट बरोबर, लाल वायरीवर ५ च्या जागी ४.६. एटीएक्सच्या (पॉवर सप्लायचं स्टँडर्ड) हिशेबानं ५ टक्के इकडंतिकडं चालतंय, म्हणजे ४.७५ च्या खाली गेलं की संपलं. करड्या वायरीवरचा पॉवर गुड (वीज ठीक आहे म्हणणारा) सिग्नल पण येत नव्हता, तो आला नाही की बोर्ड रिसेटमध्येच अडकून बसतोय, फॅन बिचारा १२ व्होल्टवर फिरत राहतोय आणि आपल्याला वाटतं मशीन चालू आहे.

कारण कपॅसिटर (वीज साठवून सुरळीत देणारे छोटे डबे). आतलं केमिकल सुकत आलं की गार असताना त्यांचा रेझिस्टन्स वाढतो, गरम झाले की जरा कमी होतो, म्हणून सकाळी रुसवा आणि दुपारी ठीक. एसएमपीएसमधले (मशीनला वीज देणारा सप्लायचा डबा) काही फुगलेले निघाले, बोर्डावर प्रोसेसरच्या बाजूचे पण डोक्यावर टेंगूळ आलेले. त्या काळात, साधारण १९९९ नंतर बरीच वर्षं, असा खराब माल लई बोर्डांवर लागलेला, आमचं काय जगावेगळं नाही.

मी म्हटलं नवीन एसएमपीएसच टाका की, तर "आगल्ल री" (कन्नडमध्ये, जमणार नाही हो) म्हणून अण्णानं मान हलवली. पेन्टियम फोरनंतर सगळा जोर १२ व्होल्टवर गेला, जुना बोर्ड मात्र ५ आणि ३.३ वर खातोय, नव्या स्वस्त सप्लायच्या स्टिकरवर ५ व्होल्टचे अँपिअर बघितल्याशिवाय लावायचा नाही. आणि त्या वेळच्या काही ब्रँडेड मशीनमध्ये प्लग दिसायला सेम पण वायरींचा क्रमच वेगळा असतोय, तसाच खुपसला की बोर्ड जळाला. मग जुन्यातच १०५ डिग्री गरमी सोसणारे नवीन कपॅसिटर घातले. हे घरात करू नका, एसएमपीएसच्या आतले मोठे कपॅसिटर वायर काढल्यावर पण शॉक देतात.

बोर्डावरचा २०३२ चा सेल पण बदलला, त्यामुळं रोजची सीमॉस चेकसमची (मशीन सेटिंग विसरल्याचा मेसेज) कटकट गेली आणि बिलावर चुकीची तारीख पण यायची थांबली. हार्ड डिस्कची कॉपी काढून देऊ का म्हणून त्यानंच विचारलं, दिली काढून. आता सकाळी पहिल्या बटणाला लागतंय.

सगळं मिळून दीड हजाराच्या आत आलं, सेकंडहँड मशीनच्या भावापुढं काहीच नाही. स्टार कापला तो वेळेसाठी. उद्या म्हणाला की उद्या धरू नका, फोन उचलत नाही, आणि बिल म्हणजे वहीतला कागदाचा तुकडा. फ्लॉपी ड्राईव्ह आणि मॉनिटरला हात लावत नाही, ते विचारून घ्या. जाताना डोंगल आणि प्रिंटरची केबल बरोबर न्या, तुमचं सॉफ्टवेअर तिथंच उघडून दाखवतोय. गाडी खाली बोळात लावू नका, शेजारचे भांडी दुकानवाले ओरडतात.