पॉइंट टू-टूच्या राउंडची रिम मोजून निवडणं: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मी गोव्यात फोंड्याला राहतो आणि पॉइंट टू-टू रायफलने ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं झोपून नेमबाजी, खेळतो. जानेवारीपासून प्रॅक्टिसचे राउंड (काडतुसं) रिमची, म्हणजे बुडाच्या बाहेर आलेल्या कडेची, जाडी मोजून, वेगळे काढून वापरतोय. आतापर्यंत दोन हजारांच्या आसपास राउंड गेजखालून (जाडी मोजायचं उपकरण) गेले. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं, तेव्हापासून शूटिंग रेंजवर नवी मुलं दिसू लागलीत आणि त्यातली दोघं-तिघं मला दर आठवड्याला विचारतात, 'दादा, गेज घेऊ का?' त्यांच्यासाठी हे नीट लिहून काढतोय.

आधी हे करायचंच कशाला ते सांगतो. मोठ्या बोअरचा शूटर स्वतः राउंड भरतो, पावडर तोलतो. आपल्याला ती सोय नाही. आपला रिमफायरचा राउंड (ज्याच्या रिमवर पिन आपटते तो) कारखान्यातून जसा येतो तसाच चालवायचा, हातात उरते फक्त निवड. आणि या राउंडचा प्रायमर, म्हणजे पावडर पेटवणारं मिश्रण, रिमच्या आत असतो. फायरिंग पिन रिम चेंबरच्या (बॅरलच्या मागची राउंड बसायची जागा) कडेवर चेचते तेव्हा तो पेटतो. रिम पातळ असेल तर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) आणि चेंबरच्या मधे राउंडला हलायला जागा मिळते, पिनच्या फटक्यातला थोडा जोर राउंड पुढे सरकवण्यातच जातो. मग पेट दर वेळी सारखा होत नाही आणि वेग बदलतो. ३३० मीटर प्रति सेकंदाने निघालेली गोळी ५० मीटर जाईपर्यंत साधारण १२ सेंटिमीटर खाली येते. वेगात १० मीटरचा फरक पडला तर टार्गेटवर जवळपास ७ मिलिमीटर वर-खाली होतं. आपल्या टार्गेटच्या दोन रिंगांमध्ये अंतर आहे ८ मिलिमीटर, आणि प्रोनला दशांशात स्कोअर धरतात, म्हणजे प्रत्येक दशांश ०.८ मिलिमीटरचा. चांगला सुटलेला शॉट राउंडमुळे ९.६ झाला की जीव तुटतो, तो याच हिशेबामुळे.

माझी सुरुवात साध्या डिजिटल कॅलिपरने झाली. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथवाल्याकडून ५.८ मिलिमीटर भोकाची लोखंडी बुश (छोटी नळी) करून घेतली. राउंड बुलेटच्या बाजूने आत सोडायचा, रिम बुशच्या तोंडावर टेकते, बुशसकट मोजायचं आणि बुशची उंची वजा करायची. पद्धत बरोबर होती, कॅलिपर कमी पडला. एकच राउंड दहा वेळा मोजला तर ०.९९ पासून १.०१ पर्यंत काहीही दाखवायचा. रिमची जाडी साधारण एक मिलिमीटर आणि आपण शोधतोय दोन-चार शतांशांचा फरक, तिथे दोन शतांशांची चूक कशी चालेल? महिनाभराने स्टँडवर बसवलेला, ०.००१ मिलिमीटर दाखवणारा डायल गेज घेतला. टिप सपाट घेतली, कारण राउंडच्या बुडावर कंपनीचा ठसा असतो आणि टोकदार टिप नेमकी त्या खळग्यात बसते. स्प्रिंग हलकी हवी. राउंड जिवंत आहे आणि प्रायमर रिममध्येच आहे, त्यामुळे शिकंज्यात धरणं, दाबणं, ठोकणं अजिबात नाही.

जुलैत एक गोष्ट लक्षात आली. पावसाने दहा-बारा दिवस उघडीप दिली नव्हती. कपाटातून गेज काढला आणि त्या दिवशी सगळेच राउंड पातळ भरायला लागले. नवीन लॉट (कारखान्यात एका वेळी बनलेली खेप) असेल म्हणून तीस राउंड मोजले, मग जुन्या डब्यातले मोजले, तेही पातळ. शेवटी बुश उजेडात धरली. तोंडावर अर्धचंद्रासारखा तांबूस गंज चढला होता, आदल्या दिवशी रिकाम्या बुशवर गेजचं शून्य लावताना टिप नेमकी त्यावर आली होती. आपल्या दमट, खाऱ्या हवेत लोखंडाचं हेच होणार. त्याच लेथवाल्याकडून पितळेची बुश करून घेतली, डब्यात सिलिका जेल टाकलं आणि आता दर पंचवीस राउंडांनंतर शून्य तपासतो. गोव्यात हे काम करणाऱ्याने पहिल्यापासून पितळच घ्यावं.

तराजूबद्दल थोडक्यात. मिलिग्रॅम दाखवणारा घेतला होता, पंखा बंद करून घामाघूम होत चारशे राउंड तोलले. पूर्ण राउंडचं वजन सव्वातीन ग्रॅमच्या पुढे, त्यात शिसं अडीच ग्रॅमहून जास्त, पावडर जेमतेम चिमूटभर. वजनातला फरक बुलेटचा, केसचा की पावडरचा हे तराजू सांगूच शकत नाही. एप्रिलनंतर तो मी काढलेला नाही.

आता टार्गेटवर काय दिसलं ते. सँडबॅगवर रायफल टेकवून, दहा-दहा शॉटचे पाच ग्रुप न निवडलेल्या प्रॅक्टिस राउंडचे आणि पाच मधल्या जाडीच्या राउंडचे मारले. कुठला राउंड कुठल्या डब्यातला हे मला कळू नये म्हणून सोबतचा शूटर एकेक हातात देत होता. न निवडलेल्यांच्या ग्रुपचा, म्हणजे दहा भोकांचा, पसारा सरासरी २६ मिलिमीटर आला, निवडलेल्यांचा २२. फरक जवळजवळ सगळा उभा होता, रुंदी तेवढीच राहिली. अगदी पातळ रिमचे वेगळे मारले तेव्हा ते खाली गेले आणि पसरलेही. दहा ग्रुपवरून फार मोठं काही सिद्ध होत नाही, पण नंतरच्या चार महिन्यांत प्रॅक्टिसमधले अचानक खाली जाणारे शॉट नक्की कमी झाले. महागड्या मॅच राउंडमध्ये मात्र मला काहीच फरक दिसला नाही. त्यांच्या रिम मुळातच एकसारख्या होत्या, मोजण्यात संध्याकाळ गेली तेवढीच.

आमचे सर पहिल्या दिवसापासून म्हणत होते, "मोज, पण आधी खोक्यावरचा लॉट नंबर बघ." ते मला मे महिन्यात पटलं. त्याच कंपनीचे, त्याच नावाचे, फक्त दुसऱ्या लॉटचे राउंड मिळाले आणि एकही न मोजता ग्रुप १९ मिलिमीटरवर आला. आठ महिन्यांच्या मोजणीने जे दिलं त्याहून जास्त त्या एका लॉटने दिलं. सोबतच्या शूटरच्या रायफलमध्ये तोच लॉट साधारण चालला. म्हणून मुलांनो, शक्य असेल तर दोन-तीन लॉटचं एकेक खोकं घ्या, आपल्या बॅरलला कुठला आवडतो ते बघा आणि मिळतील तेवढे त्याच लॉटचे घ्या. निवडलेले राउंड मूळ खोक्यातच परत ठेवा, लॉटची सरमिसळ झाली तर मोजलेलं सगळं वाया जातं.

पन्नास राउंडांना मला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. हाताळताना बुलेटवरचं मेण बोटांना लागतं, त्यावर धूळ बसते, म्हणून स्वच्छ कापडावरच काम करतो आणि राउंड फक्त केसला धरतो. नंतर साबणाने हात धुणं आलंच, शिसं आहे ते. बुलेटच्या कडेला चेपलेले, नख लागलेले राउंडही याच वेळी नजरेस पडतात आणि ते बाजूला काढण्याचा फायदा मोजण्याइतकाच आहे. त्याला तर गेजही लागत नाही. दुपारी बंद गाडीत राउंड ठेवू नका, मेण पातळ होतं.

तर, गेज ठेवणार का? हो, प्रॅक्टिसच्या राउंडसाठी ठेवणार. मुख्य कारण मात्र ग्रुप नाही. पूर्वी शॉट खाली गेला की मी राउंडला दोष देऊन मोकळा व्हायचो. आता राउंड माहितीतला असतो, त्यामुळे शॉट गेला की मी श्वास तपासतो, ट्रिगर तपासतो, खांद्यावरचा बट (रायफलचा दस्ता) तपासतो. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटला की आडवे जाणारे शॉट आहेतच, तिथे कुठलंही गेज कामाचं नाही, रेंजवरच्या, वारा दाखवणाऱ्या झेंड्यांकडे बघायला शिकावं लागतं. चवथीनंतर रेंज सुरू झाली की मे महिन्यातल्या त्या लॉटची उरलेली दोन खोकी न मोजता मारणार आहे आणि झेंडे वाचायचा सराव करणार आहे.